समेटाची तारीख चुकली तर

परवा भोसरीतल्या पॅकिंग खात्यात काम करणाऱ्या एक ताई रडवेल्या होऊन आल्या. कामावरून काढल्याचा त्यांचा अर्ज समेट अधिकाऱ्यांपुढे, म्हणजे कामगार आणि मालकाचा वाद बोलणी करून मिटवायला बसणाऱ्या सरकारी साहेबांपुढे, चालू आहे. मुलगा तापाने फणफणला म्हणून त्या तारखेला गेल्या नाहीत. शेजारच्यांनी घाबरवलं, आता वॉरंट निघणार.

तसं काही होत नाही. एका तारखेला आला नाही म्हणून अर्जदार कामगारावर वॉरंट निघालेलं मी पंचवीस वर्षांत पाहिलं नाही. आपलं नुकसान होतं ते रोजनाम्यात. फाईलमधल्या त्या कागदावर साहेब लिहितात, 'अर्जदार गैरहजर, व्यवस्थापन हजर', आणि खाली समोरच्याची सही होते. अशा दोन-तीन नोंदी पडल्या की 'अर्जदारास स्वारस्य नाही' म्हणून फाईल बंद होते. माझ्या स्वतःच्या प्रकरणात मी एकदा तासभर उशिरा पोचलो. शिपायाकडून पुढची तारीख तोंडी विचारली आणि परत आलो. पुढे कोर्टात कंपनीच्या वकिलांनी नेमकी तीच नोंद काढली: याला नोकरी नकोच होती. दोन ओळींचा अर्ज त्या दिवशी दिला असता तर ते बोलणंच खुंटलं असतं.

म्हणून, उशीर झाला तरी ऑफिसला जाच. जाणं शक्यच नसेल तर युनियनच्या पदाधिकाऱ्याला अधिकारपत्र देऊन पाठवा. वकील पाठवून भागत नाही, समेटात वकिलाला उभं राहण्याचा हक्क नाही. तारीख चुकलीच, तर दुसऱ्याच दिवशी अर्ज द्या: प्रकरण क्रमांक, कोणती तारीख चुकली, का चुकली, पुढची तारीख द्यावी ही विनंती. सोबत दवाखान्याचा केसपेपर जोडा. एक प्रत कंपनीला स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. फाईल बंद झाली असेल तर रोजनाम्याची नक्कल मागा आणि नव्याने अर्ज करा, पण रेंगाळू नका. 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता हा नवा कामगार कायदा लागू झाला आहे. त्यानुसार वाद उद्भवल्यापासून दोन वर्षं उलटली की समेट अधिकारी तो वाद हाती घेऊ शकत नाही.

आता मालक आला नाही तर? इथे आपली माणसं फार चुकतात. कंपनीचं कुणी दिसत नाही म्हणून चहा पिऊन घरी जातात. तसं करू नका. थांबा, 'व्यवस्थापन गैरहजर' ही नोंद तुमच्यासमोर करून घ्या, वाचा, मगच सही करा. कुणी आलंच, तर त्याच्याकडे अधिकारपत्र आहे का ते विचारा. नुसता सिक्युरिटीवाला पाठवून तारीख मारून नेणाऱ्या कंपन्या मी पाहिल्या आहेत. नसेल तर तेही रोजनाम्यात लिहायला सांगा.

दुसऱ्यांदाही कंपनी आली नाही तर लेखी मागणी करा की व्यवस्थापनाला समन्स काढावं आणि हजेरीपत्रक, पगारपत्रक मागवावं. माणसाला हजर करायला आणि कागद मागवायला समेट अधिकाऱ्याला दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. समन्स डावललं तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 32 मध्ये वॉरंट, मालमत्तेची जप्ती आणि 5,000 रुपयांपर्यंत दंड आहे. खरं सांगतो, साहेब तिथपर्यंत क्वचितच जातात. पण तुमचा मागणीअर्ज फाईलला लागलेला असला की कंपनीची टाळाटाळ पुढे कोर्टालाही दिसते.

त्या दंडापायी मात्र महिने घालवू नका. समेट 45 दिवसांत आटोपून अहवाल द्यायचा असतो. मालक येतच नसेल तर अपयशाचा, म्हणजे समेट झाला नाही असा, अहवाल मागा. तो हातात पडल्यापासून 90 दिवसांत औद्योगिक न्यायाधिकरणाकडे, म्हणजे असे वाद ऐकणाऱ्या न्यायालयाकडे, थेट अर्ज करता येतो. अहवाल मिळालेला दिवस पाकिटावरच लिहून ठेवा, कारण हे 90 दिवस बघता बघता सरतात.

ताईंचा अर्ज आम्ही तिथल्या तिथे लिहिला, केसपेपर टाचला आणि दोन प्रती काढल्या. एक आवक टेबलावर द्यायची, दुसरीवर पोच घ्यायची. पोचेवर शिक्का, सही आणि तारीख तिन्ही आहेत ना, तेवढं बघूनच टेबलापासून हला.