फर्नेस ऑइलचा टँकर उतरवून घेण्याआधी

पाण्याची पेस्ट (तेलात पाणी लागलं की रंग बदलणारा लेप) हाताशी आहे का, ते आधी बघा. नसेल तर टँकर गेटवरच थांबवा आणि पेस्ट मागवा.

दोन पावसाळ्यांपूर्वी रात्री आठला आलेला फर्नेस ऑइलचा, म्हणजे बॉयलरमध्ये जाळायच्या काळ्या घट्ट तेलाचा, टँकर मी पेस्ट न लावता उतरवून घेतला. पहाटे तीनला बर्नर फुरफुरायला लागला, ज्योत दोनदा गेली आणि बॉयलर ट्रिप झाला, म्हणजे आपोआप बंद पडला. लाइन आणि स्ट्रेनर (तेलाची गाळणी) रिकामे करून पुन्हा स्टीम द्यायला नऊ तास लागले. त्या रात्री चलन पाहिलं होतं, सील पाहिली होती, डेन्सिटीसुद्धा घेतली होती. डेन्सिटी बरोबर आली, कारण नमुना वरचा होता आणि पाणी तळाशी होतं. डेन्सिटीवर पाणी पकडलं जातं असं समजून कुणी पेस्ट टाळत असेल, तर कृपा करून टाळू नका.

टँकर यायच्या आधी स्वतःच्या टाकीचा डिप घ्या (रॉड बुडवून तेलाची पातळी मोजा) आणि रिकामी जागा लिहून ठेवा. काठोकाठ भरायची नाही. २०,००० लिटर तेल ३० अंशांनी तापलं की सुमारे ४०० लिटरनं फुगतं, आणि आपण ते तापवणारच आहोत. व्हेंटची (टाकीतली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीची) जाळी चिखलानं किंवा घरट्यानं बुजली आहे का, ते वर चढून बघा; खालून दिसत नाही. डाइकचा, म्हणजे टाकीभोवतीच्या बांधाचा, ड्रेन व्हॉल्व्ह बंद हवा. पावसाचं साचलेलं पाणी सोडायला तो उघडतात आणि तसाच राहतो, मग सांडलेलं तेल थेट नाल्यात जातं. वाळू, भुसा, फोमचा एक्स्टिंग्विशर: सांगायला नको.

टँकर आला की इंजिन बंद, चाकांना ठोकळे, अर्थिंग (स्थिर विजेची ठिणगी पडू नये म्हणून टँकर तारेनं जमिनीला जोडणं). 'फर्नेस ऑइल काय पेट घेतंय, फ्लॅश पॉइंट ६६ च्या वर' असं म्हणून अर्थिंग सोडणारे लोक मी पाहिलेत (फ्लॅश पॉइंट म्हणजे तेलाची वाफ ठिणगीनं पेटू शकते ते तापमान). त्याच टँकरमध्ये आधीच्या खेपेला पेट्रोल किंवा डिझेल असेल तर कप्प्यात त्याची वाफ उरलेली असते आणि ठिणगी तिला पुरते. मॅनहोल उघडताना वाऱ्याकडे पाठ ठेवा, तोंड आत घालू नका. या तेलात सल्फर भरपूर असतं आणि वरच्या रिकाम्या जागेत हायड्रोजन सल्फाइड साचू शकतो. आधी सडक्या अंड्यांसारखा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. वास थांबला म्हणजे गॅस गेला, असं धरून चालू नका.

आता पेस्ट. टँकर किमान अर्धा तास स्थिर उभा राहू द्या. तेल घट्ट असतं आणि पाण्यापेक्षा थोडंसंच हलकं, त्यामुळे पाणी सावकाश खाली बसतं. ड्रायव्हर घाई करेल, करू द्या. पितळी रॉडच्या खालच्या वीतभर भागाला पेस्ट लावा, तिच्यावर हलक्या तेलाचं बोट फिरवा (नाहीतर काळं तेल पेस्टला चिकटून बसतं आणि पाणी तिच्यापर्यंत पोचतच नाही), आणि रॉड तळाला टेकवून धरा. लगेच वर ओढू नका. प्रत्येक कप्प्याला वेगळी पेस्ट, वेगळं रीडिंग. मग खालच्या व्हॉल्व्हमधून बादलीत थोडं तेल काढा, त्यातला एक थेंब टँकरपासून लांब, लॅबच्या हॉटप्लेटवर टाका. चष्मा घालून. स्वच्छ तेल नुसतं पसरतं, धुरकटतं. पाणी असेल तर फोडणीतल्या मोहरीसारखं तडतडतं. तो आवाज एकदा ऐकला की विसरत नाही.

आय. एस. १५९३ या भारतीय मानकाप्रमाणे फर्नेस ऑइलमध्ये १ टक्क्यापर्यंत पाणी चालतं. म्हणजे २०,००० लिटरच्या, अगदी प्रामाणिक टँकरमध्येसुद्धा २०० लिटर पाणी असू शकतं. म्हणून टाकीत घेतल्यावरही काम संपत नाही. नवं तेल त्याच रात्री जाळायला घेऊ नका. बॉयलर दुसऱ्या टाकीवर चालवा, हे तेल ५० ते ६० अंशांवर ठेवून रात्रभर बसू द्या, सकाळी तळाचा ड्रेन सोडा आणि पुन्हा पेस्ट लावा. हो, पुन्हा. डे टँकचाही (बर्नरजवळच्या रोजच्या तेलाच्या छोट्या टाकीचाही) ड्रेन बघा. तापमान फ्लॅश पॉइंटच्या खालीच ठेवा. १०० च्या आसपास जायची तर कल्पनाही नको. तळच्या १ लिटर पाण्याची सुमारे १,६०० लिटर वाफ होते आणि ती वरचं सगळं तेल फेसासकट टाकीबाहेर फेकते. बर्नरपाशी तेल १०० च्या वर तापवतो, पण ते दाबाखाली, हीटरमध्ये. टाकीत नाही.

आणि ज्योत गेलीच, तर लगेच पुन्हा पेटवू नका. भट्टीत न जळलेलं तेल आणि त्याची वाफ असते. पूर्ण पर्ज होऊ द्या, म्हणजे पंख्याच्या हवेनं भट्टी साफ होऊ द्या. आमचा अटेंडंट त्या पहाटे घाबरून बटणाकडे धावला होता, त्याचा हात मी धरला.

उतरवताना होजपाशी माणूस हवा, पूर्ण वेळ. सांडलं तर वाळू, भुसा. पाण्यानं धुवायचं नाही. हात साबणानं धुवा, डिझेलनं नाही. गाळ घातक कचरा आहे, अधिकृत माणसालाच द्या. साठा ४५,००० लिटरच्या वर जात असेल तर पेसोचा (स्फोटक आणि पेट्रोलियम सुरक्षेच्या केंद्रीय संस्थेचा) परवाना.

चलनावर सही सगळ्यात शेवटी. त्याच्यावर प्रत्येक कप्प्याचं पेस्टचं रीडिंग लिहून झाल्यावर.