पेरिटोनियल डायलिसिसमधील जंतुसंसर्ग लवकर ओळखायचा असेल, तर या चुका टाळा

पेरिटोनियल डायलिसिसमध्ये पोटात द्रव सोडून आणि तो पुन्हा बाहेर काढून मूत्रपिंडाचे काम भागवले जाते. अशा रुग्णाच्या पोटातून बाहेर आलेला द्रव गढूळ दिसला, तर दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत तो पेरिटोनायटिसच (पोटाच्या आतील आवरणाचा जंतुसंसर्ग) समजायचा, हा नियम जुना आहे आणि आजही त्याला पर्याय नाही. गेल्या काही वर्षांत इंटरल्यूकिन-६, इंटरल्यूकिन-८, एमएमपी-८, एमएमपी-९ आणि एनगॅल अशा अनेक जैवसूचकांचा (दाह किंवा संसर्ग दाखवणाऱ्या प्रथिनांचा) या द्रवात अभ्यास झाला असून त्यांपैकी काहींच्या चाचण्या रुग्णाजवळच काही मिनिटांत करता येतात. असे असूनही निदान चुकते किंवा लांबते, आणि त्यामागे बहुतेक वेळा चाचणीचा दोष नसून नमुना कधी घेतला, कसा हाताळला आणि आकडा कशाच्या आधारावर वाचला, याकडे झालेले दुर्लक्ष असते.

आकड्याची वाट पाहत बसणे

सर्वांत महाग पडणारी चूक हीच. पिशवी गढूळ आहे, पोट दुखत आहे, तरी अहवाल येईपर्यंत उपचार थांबवले जातात. ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, रुग्ण उपचारासाठी पोहोचल्यानंतर प्रतिजैविक देण्यास होणाऱ्या प्रत्येक तासाच्या विलंबामागे, डायलिसिसची ही पद्धत सोडावी लागण्याचा किंवा मृत्यूचा एकत्रित धोका सुमारे ५.५ टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. म्हणून नमुने घ्यावेत आणि लगेच, पेशीगणना किंवा कल्चर (नमुन्यातील जंतू वाढवून ओळखण्याची चाचणी) हाती येण्यापूर्वीच, केंद्राच्या ठरलेल्या पद्धतीने प्रतिजैविक सुरू करावे. जैवसूचकाचा खरा उपयोग संशय पक्का करण्यासाठी किंवा अस्पष्ट लक्षणांच्या रुग्णाकडे लवकर लक्ष वेधण्यासाठी आहे. स्पष्ट लक्षणे असलेल्या रुग्णाला थांबवून ठेवण्यासाठी नव्हे.

घरी डायलिसिस करणाऱ्यांनी निचऱ्याची प्रत्येक पिशवी उजेडात धरून पाहावी. पिशवीखाली छापील मजकूर ठेवून तो वाचता येतो का, हे पाहण्याची पद्धत साधी असली तरी विश्वासाची आहे. गढूळ पिशवी ओतून टाकू नये. ती तशीच घेऊन रुग्णालयात जावे, कारण पहिला नमुना तिच्यातूनच मिळतो.

द्रव पोटात किती वेळ होता, हे न नोंदवणे

पेरिटोनायटिसच्या निदानासाठी तीनपैकी किमान दोन गोष्टी असाव्या लागतात: पोटदुखी किंवा गढूळ द्रव अशी लक्षणे, द्रवाच्या प्रत्येक मायक्रोलिटरमध्ये १०० पेक्षा जास्त पांढऱ्या पेशी आणि त्यांत निम्म्याहून अधिक न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार), आणि कल्चरमध्ये जंतू सापडणे. यातील १०० हा आकडा द्रव किमान दोन तास पोटात राहिला असेल तरच लागू होतो, ही अट अनेकदा विसरली जाते. रात्री यंत्रावर डायलिसिस घेणाऱ्या रुग्णाच्या पोटात द्रव थोडाच वेळ राहतो, त्यामुळे संसर्ग असूनही एकूण पेशी १०० च्या खाली दिसू शकतात. अशा वेळी न्यूट्रोफिलचे प्रमाण ५० टक्क्यांच्या वर आहे का, याला अधिक महत्त्व द्यावे. दिवसा पोटात डायलिसिसचा द्रव न ठेवणारा रुग्ण पोटदुखी घेऊन आला, तर सुमारे एक लिटर द्रव आत सोडून एक ते दोन तासांनी नमुना घ्यावा.

हाच विचार नव्या जैवसूचकांनाही लागू आहे. द्रवातील इंटरल्यूकिन-६ मुख्यतः पोटाच्या आवरणातच तयार होते, त्यामुळे द्रव जितका जास्त वेळ आत, तितके ते अधिक साठते. शिवाय संसर्ग नसतानाही त्याची मूळ पातळी रुग्णागणिक वेगळी असते. म्हणून दोन तासांच्या नमुन्यातील आकडा रात्रभर राहिलेल्या द्रवातील आकड्याशी ताडून पाहणे चुकीचे आहे.

नमुन्याची हेळसांड

प्रतिजैविक दिल्यानंतर घेतलेल्या कल्चरमध्ये जंतू सापडण्याची शक्यता घटते. द्रव साध्या बाटलीत पाठवण्याऐवजी रुग्णाजवळच रक्ताच्या कल्चरच्या बाटल्यांमध्ये, प्रत्येकी ५ ते १० मिलिलिटर, भरावा आणि तो सहा तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवावा. पेशीगणनेचा नमुना रेंगाळला तर पेशी फुटतात आणि आकडा खोटा कमी येतो. एखाद्या केंद्रात जंतू न सापडणाऱ्या पेरिटोनायटिसचे प्रमाण १५ टक्क्यांच्या वर जात असेल, तर तिथली नमुना घेण्याची पद्धतच तपासायला हवी.

रक्तातील सीआरपीवर विसंबणे

सीआरपी हे दाह दाखवणारे रक्तातील प्रथिन वाढायला काही तास लागतात आणि डायलिसिसच्या रुग्णांमध्ये ते इतर अनेक कारणांनीही वाढलेले असते. प्रोकॅल्सिटोनिन या रक्तातील दुसऱ्या संसर्गसूचकाची मूळ पातळीही मूत्रपिंड निकामी असलेल्यांमध्ये थोडी वरच असू शकते, आणि पोटापुरता मर्यादित संसर्ग असेल तर ते फारसे चढत नाही. रक्ताचा अहवाल सामान्य आला म्हणून गढूळ पिशवीकडे दुर्लक्ष करणे धोक्याचे आहे.

पांढऱ्या पेशींमधील विकर ओळखणाऱ्या, लघवी तपासण्याच्या ल्यूकोसाइट एस्टरेज पट्ट्या निचऱ्याच्या द्रवासाठीही घरी उपयोगी पडतात, पण रंग ठरलेल्या वेळेलाच वाचला पाहिजे आणि डबीचे झाकण घट्ट लावलेले असले पाहिजे. दमट हवेत उघडी राहिलेली पट्टी भरवशाची नसते.

याउलट, प्रत्येक गढूळ द्रव संसर्गाचाच असतो असेही नाही. इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचा आणखी एक प्रकार) वाढणे, रक्त मिसळणे, काही कॅल्शियम चॅनल रोधक औषधांमुळे द्रव दुधाळ होणे, अशी कारणेही असतात. त्यासाठीच पेशींची केवळ संख्या न पाहता प्रकारही पाहावा लागतो.

निदानानंतर मोजणे थांबवणे

उपचार सुरू झाल्यावर द्रवातील पेशी पुन्हा मोजाव्यात. तिसऱ्या दिवशी पेशी मायक्रोलिटरमागे हजाराच्या वर असतील, तर उपचार अयशस्वी होण्याची शक्यता बरीच वाढते. योग्य प्रतिजैविके पाच दिवस देऊनही द्रव गढूळ राहिला किंवा पेशी १०० च्या खाली आल्या नाहीत, तर कॅथेटर (पोटात बसवलेली डायलिसिसची नळी) काढण्याचा विचार करावा लागतो. मात्र पेशी सातत्याने कमी होत असतील, तर नेफ्रॉलॉजिस्ट (मूत्रपिंडतज्ज्ञ) आणखी काही काळ थांबू शकतात. हा निर्णय एका दिवसाच्या अहवालावरून घेता येत नाही, म्हणून रोजची गणना, नमुन्याची वेळ आणि द्रव पोटात राहिल्याचा कालावधी एकाच तक्त्यात लिहून ठेवावा.