फोन हरवला? आधी रिंग, मग सिम

गेल्या मे महिन्यात दाभोळ-धोपावे फेरीबोटीतून उतरलो आणि खिसा चाचपला, तर फोन नाही. भावाच्या फोनवरून गूगलच्या 'फाइंड हब'मध्ये माझ्या खात्याने लॉगिन केलं आणि रिंग वाजवली. फोन सायलेंटवर असला तरी ती मोठ्याने वाजते. गाडीच्या सीटखाली, आंब्याच्या पेटीला टेकून फोन बोंबलत होता! आयफोनवाल्यांना हेच 'फाइंड माय'मध्ये जमतं.

सगळ्यांचं नशीब असं नसतं. आपल्याकडे घाटात, खाडीकाठी रेंज जाते, तेव्हा नकाशावर दिसतं ते शेवटचं ठिकाण. फोन अजून तिथेच असेल असं नाही. आणि तो ठिपका अनोळखी घरावर दिसला तर एकट्याने दार ठोठवायला जाऊ नका, पोलिसांना घेऊन जा.

चोरीच असेल तर 'फाइंड हब' किंवा 'फाइंड माय'मधूनच फोन लॉक करा, बँकेला कळवून यूपीआय बंद करा, पोलिसांत तक्रार द्या. त्याच नंबरचं नवं सिम लगेच घ्या, कारण 'संचार साथी' या सरकारी संकेतस्थळावर फोन ब्लॉक करताना ओटीपी त्यावर येतो. नव्या सिमवर पहिले २४ तास एसएमएस येत नाहीत, म्हणून उशीर नको. 'संचार साथी'वर तक्रारीची प्रत आणि १५ आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक लागतो. तो खोक्यावर छापलेला असतो. खोकं रद्दीत गेलं असेल तर फोन हातात आहे तोवर आत्ताच *#०६# दाबून आकडा घरच्या कॅलेंडरमागे लिहून ठेवा. फोन परत मिळाला की 'संचार साथी'वरच अनब्लॉक करायला विसरू नका.