कागदावर तेरा मोटारी

वीज वितरणाच्या नियोजन विभागात रुजू झालो तेव्हा पहिलंच काम मिळालं एका ग्रामीण फीडरच्या (उपकेंद्रातून गावांकडे जाणारी वीजवाहिनी) पाच वर्षांच्या आराखड्याचं. मागचे लोड घेतले, एक्सेलमध्ये सरळ रेघ ओढली, आकडा काढला. साहेबांची सहीही झाली.

डिसेंबरात गव्हाला पाणी सुरू असताना लाइनमन मामांबरोबर त्याच फीडरवरच्या एका डीपीवर (रोहित्र, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, बसवलेली जागा) गेलो. 100 केव्हीएचं रोहित्र, म्हणजे फेजला जास्तीत जास्त 133 अँपिअर. पाच एचपीची मोटार साधारण साडेसात अँपिअर घेते, कागदावर मोटारी तेरा, निवांत होतो. टाँग टेस्टर (तारेभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजायचं यंत्र) लावला तर 160 च्या वर! "मोजा की साहेब," मामा म्हणाले. एकवीस भरल्या.

त्यात निम्म्यांना ऑटो स्विच. वीज आली की सगळ्या एकदम उठतात आणि उठताना पाच-सहा पट करंट ओढतात. वसाहतीत सगळ्यांचे गीझर एकाच वेळी चालत नाहीत, म्हणून मंजूर भारापेक्षा बरंच कमी धरून चालतं. शिवारात वीजच आठ तास, मग थांबणार कोण? सगळे एकाच वेळी वीज ओढत नाहीत याचा हिशोब, म्हणजे डायव्हर्सिटी फॅक्टर, हा परीक्षेत दोन मार्कांचा प्रश्न होता, इथे त्यापायी रोहित्र जळतं.

बरं, मागणी वाढतच जाईल असंही नाही. शेतकरी सौरपंपाकडे वळले की हाच फीडर हलका होतो. तालुक्याच्या गावी मात्र घरी 7.4 किलोवॅटचा कार चार्जर आला, की पाच एचपीच्या दोन मोटारी वाढल्यासारखंच.

म्हणून मी आता एका आकड्यावर विसंबत नाही. दोन-तीन शक्यता मांडतो आणि प्रत्येकीला विचारतो: चुकलो तर काय परत घेता येईल? रोहित्र उचलून दुसरीकडे नेता येतं. उपकेंद्राची जागा नंतर वाढत नाही. ती दोन पॉवर ट्रान्सफॉर्मरची घ्यावी, बसवावा एकच. तारेचंही तसंच. वाढत्या गावाकडे जाणाऱ्या लाइनला रॅबिटऐवजी जाड डॉग (तारांना प्राण्यांची नावं आहेत, पहिल्या आठवड्यात हसू येतं) टाकायला मी भांडतो, कारण करंट दुप्पट झाला की तारेतला लॉस चौपट होतो.

लोड फ्लोचं (कुठल्या लाइनमधून किती वीज वाहील याचा हिशोब करणारं) सॉफ्टवेअर महिन्याभरात हाताला बसतं, त्याची धास्ती नको. रब्बीत दोन-चार डीपींवर मात्र स्वतः जाऊन या.

त्या डीपीवर 200 चं रोहित्र मागायचा मोह झाला होता. शेवटी शेजारी दुसरं 100 चंच बसवलं आणि मोटारी वाटून दिल्या. दोन वर्षांत सात जणांनी सौरपंप घेतले, तेव्हा मामांनीच ते उतरवून पलीकडच्या गावाला नेलं.