जुनी पद्मिनी किंवा अँबेसिडर घ्यावी का? रविवारपुरती गाडी घेण्याआधी कसं ठरवावं

पद्मिनी, अँबेसिडर किंवा सुरुवातीच्या काळातली मारुती ८०० घ्यायचं मनात असेल, तर गाडी बघायला जाण्याआधी गेल्या वर्षाचं कॅलेंडर समोर घ्या. कोणते रविवार खरंच मोकळे होते, त्यांवर खुणा करा. लग्नसराई, पेरणी, पोरांच्या परीक्षा, गावाकडच्या चकरा वजा करा. महिन्याला दोन रविवार उरत असतील तर पुढे जा. त्याहून कमी उरत असतील, तर माझं स्पष्ट मत आहे की गाडी घेऊ नका, कितीही स्वस्त मिळत असली तरी.

मी परभणीत पद्मिनी घेतली तेव्हा हा हिशेब केला नव्हता. पहिल्याच पावसाळ्यात ती तीन महिने शेडमध्ये उभी राहिली. बाहेर काढली तेव्हा बॅटरी बसलेली, ब्रेकचे व्हील सिलिंडर जाम, डॅशबोर्डमागची वायरिंग उंदरांनी कुरतडलेली आणि टाकीत गंजाचा चुरा. चालवून दोन वर्षांत एवढं बिघडलं नसतं. जुन्या गाडीला रस्त्यापेक्षा उभं राहणं जास्त बाधतं, आणि हौसेची गाडी बहुतेक वेळ उभीच असते.

आता त्यात पेट्रोलची भर पडली आहे. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. आपल्या लातूर-धाराशिवकडच्या उसाला त्यातून भाव मिळतो, ही चांगलीच गोष्ट आहे. पण जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाचा पडदा इथेनॉलसाठी बनलेला नाही. रबर फुगतं, मऊ पडतं, पुढे चिरतं. शिवाय इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. बराच काळ उभ्या गाडीच्या टाकीत तळाला पाणी साचू शकतं आणि पत्रा आतून गंजतो. म्हणून गाडीच्या किमतीत नवे पाइप, पंपाचं किट आणि टाकीची सफाई आधीच धरा.

आधी मिस्त्री, मग गाडी

आजचे पोरसवदा मेकॅनिक स्कॅनर लावून दोष शोधतात. पद्मिनीला स्कॅनर लावायला जागाच नाही. तिथे कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) कानानं ट्यून करणारा, डिस्ट्रिब्युटरचे (ठिणगी वाटणारा भाग) पॉइंट उघडून गॅप लावणारा माणूस लागतो. तो तुमच्या घरापासून २०-२५ किलोमीटरच्या आत नसेल, तर प्रत्येक बारीकसारीक कामाला गाडी टो करून न्यावी लागेल. आधी त्याला गाठा. चहा घ्या आणि सरळ विचारा, ‘मिस्त्री, यातली कोणती गाडी तुम्ही हातानं उघडलीय?’ तो ज्या गाडीचं नाव घेईल तीच शोधा. मनातली दुसरी असली तरी.

मराठवाड्यात एक सोय आहे. छत्रपती संभाजीनगरला वाळूज-चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतींमुळे चांगले टर्नर आहेत. घासलेला बुश नवा बनवणं, ब्रेक ड्रम लेथवर घेणं ही कामं तिथे होतात. तालुक्याच्या गावी ट्रॅक्टरचा मिस्त्री असतोच. डिझेल अँबेसिडरचं इंजिन आणि मागचे स्प्रिंगचे पाटे त्याला नवे नसतात.

सुट्या भागांच्या बाबतीत मारुती ८०० सगळ्यात सोपी. ती आणि अँबेसिडर या दोन्ही २०१४ पर्यंत बनत होत्या. पद्मिनीचं उत्पादन त्याच्या बरंच आधी थांबलं. तिचे इंजिनचे भाग मिळतात. काच, बीडिंग, दाराची हँडलं, क्रोमच्या पट्ट्या मात्र शोधत फिरावं लागतं. म्हणून पद्मिनी बघताना इंजिन थोडं थकलेलं चालेल, पण बाहेरचं सामान पूर्ण असू द्या.

कागद

इथे घाई करू नका. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षं चालते. त्यानंतर दर पाच वर्षांनी आरटीओत गाडी दाखवून नूतनीकरण करावं लागतं. हे शुल्क पूर्वी ६०० रुपये होतं, एप्रिल २०२२ पासून ५,००० झालं आणि २० वर्षांवरच्या गाडीसाठी २०२५ मध्ये १०,००० केलं गेलं. महाराष्ट्रात त्यावर पर्यावरण कर वेगळा. विकणारा ‘कागद क्लिअर आहेत’ म्हणाला तरी आरसी बुकवर नूतनीकरणाची तारीख स्वतः वाचा. पाच-सात वर्षं ते झालंच नसेल, तर दंडासकटचा आकडा आरटीओतून काढून आणा आणि मगच भाव बोला.

जुन्या नंबरची, म्हणजे एमएच सिरीज येण्याआधीची गाडी असेल, तर तिची नोंद ऑनलाइन आहे का ते परिवहनच्या साइटवर तपासा. नसेल तर आधी आरटीओत बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुनी नोंद ऑनलाइन चढवून घ्यावी लागते. हे काम विकणाऱ्याकडूनच करून घ्या. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर कापडानं पुसून, टॉर्च मारून, आरसीशी एकेक अक्षर जुळवा. इंजिन बदललेलं असून नोंद नसेल तर तिथूनच परत फिरा. नांदेडकडे हैदराबादच्या गाड्या स्वस्त म्हणून येतात. त्यांना तिथल्या आरटीओची एनओसी (ना-हरकत पत्र) लागते आणि महाराष्ट्राचा कर नव्यानं भरावा लागतो. हा खर्च धरल्यावर स्वस्ताई किती उरते, ते बघा.

‘व्हिंटेज नोंदणी करून टाका’ असा सल्ला कुणी देईल. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांवरच्या गाडीला ‘व्हीए’ सिरीजचा नंबर मिळतो. नोंदणी २०,००० रुपयांत, १० वर्षांसाठी. पण मग ती गाडी रोजच्या रस्त्यावर चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा ठरावीक कारणांसाठीच बाहेर काढता येते. तुम्हाला रविवारी वेरूळला किंवा तुळजापूरला जायचं आहे. तुमच्यासाठी साधी नोंदणीच बरी.

गाडी बघायची ती उन्हात

शक्यतो एप्रिल-मे मध्ये, दुपारी जा. आपल्याकडे पारा ४०च्या वर जातो आणि जुन्या गाडीचे दोष त्याच वेळी बाहेर येतात.

इंजिन थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडा. आत पांढरा थर दिसला, तर गाडीनं वर्षानुवर्षं बोअरचं पाणी प्यायलं आहे. आपल्या भागातल्या बोअरच्या पाण्यात क्षार फार. ते रेडिएटरच्या नळ्यांत आणि ब्लॉकच्या आत बसतात आणि मग गाडी गरम होते. पाण्यावर तेलाची साय दिसली तर हेड गॅसकेट (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांमधली सील) गेल्याचा संशय धरा.

मग अर्धा तास चालवा, दहा मिनिटं बंद ठेवा आणि पुन्हा सेल्फ मारा. गरम इंजिनशेजारी पेट्रोलची पाइपातच वाफ होते आणि गाडी सुरू होत नाही. इंजिनाजवळच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकणं हा जुना तोडगा आजही लोक करतात. एखाद्या वेळी ठीक आहे. पण दर वेळी हेच करावं लागत असेल तर पंप, पाइप आणि कूलिंग तिन्हीकडे काम आहे. सुरू होताना निळा धूर आला, तर इंजिन तेल खातंय.

पत्र्याच्या बाबतीत मराठवाड्यातली गाडी मुंबई-कोकणच्या गाडीपेक्षा बहुधा चांगली निघते, कारण इथली हवा कोरडी. तरी खिशात छोटं लोहचुंबक ठेवा. दारांचा खालचा भाग, चाकांच्या कमानी, डिकीतला स्टेपनीचा खड्डा इथे लावून बघा. चिकटलं नाही तर रंगाखाली पुट्टी आहे. पायाखालचं मॅटिंग उचलायला लावा. मालक नाही म्हणाला, तर गाडी तिथेच सोडा. टायरची नक्षी छान असली तरी बाजूचा चार अंकी आकडा वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. जुनं टायर उन्हानं कडक होतं आणि वेगात फुटतं. अशी गाडी समृद्धी महामार्गावर न्यायचा विचारही करू नका.

शेवटी घाट. बीडचा मांजरसुंबा किंवा कन्नडचा औट्रम घाट, जो जवळ असेल तो, मिस्त्रीला शेजारी बसवून उतरा. जुन्या पद्मिनी-अँबेसिडरला बहुधा चारही चाकांना ड्रम ब्रेक. गाडी गिअरमध्येच ठेवून उतरायची. तरी पेडल खाली जात असेल, गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा ब्रेक तापल्याचा वास येत असेल, तर गाडी पायथ्याशी उभी करून मिस्त्रीला खर्च विचारा. तो जेवढं सांगेल, त्यात निम्मं आणखी धरा. ही बेरीज गाडीच्या किमतीच्या अर्ध्यावर गेली, तर मी ती गाडी घेत नाही.

सौदा जमला तर टोकन देतानाच मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्या. उरलेले पैसे नाव बदलण्याचा अर्ज आरटीओत पडल्यावर द्या. विमा त्याच दिवशी तुमच्या नावावर. जुन्या गाडीची विमा रक्कम कंपनीशी बोलून ठरते, ती लेखी घ्या. गाडी घरी आणायच्या आधी मिस्त्रीकडे सोडा. पेट्रोलचे पाइप, ब्रेक ऑइल, रेडिएटरचं पाणी, पंख्याचा पट्टा एवढं बदलून झालं, की पहिल्या रविवारी गावाबाहेर दहा किलोमीटर जाऊन परत या.