जुन्या संगणकावर विंडोज ११ टाकताना या चुका टाळा

विंडोज १०ला मिळणाऱ्या मोफत सुरक्षा-अद्ययावतींची नियमित मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आणि घरोघरी असलेल्या सहा-सात वर्षांच्या संगणकांवर विंडोज ११ टाकण्याची घाई सुरू झाली. या घाईत काही चांगले चालणारे संगणक सुरूच होईनासे होतात, तर काही संगणक तपासणीच्या पहिल्याच संदेशावरून निकामी ठरवले जातात. बहुतेक वेळा कारण एकच असते, ते म्हणजे कामांचा क्रम चुकणे.

‘अपात्र’ हा शब्द अंतिम मानू नये

मायक्रोसॉफ्टचे पीसी हेल्थ चेक हे साधन संगणक अपात्र असल्याचे सांगते, तेव्हा त्याखाली दिलेले कारण वाचणे आवश्यक असते. प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीचा किंवा एएमडीच्या रायझन २००० मालिकेपूर्वीचा असेल, तर मोजके अपवाद वगळता तो अधिकृत यादीत बसत नाही आणि त्यावर सेटिंग बदलून उपाय होत नाही. मात्र टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी सोय) सापडत नाही, एवढेच कारण असेल, तर निराश होऊ नये. २०१७-१८नंतरच्या बहुतेक मदरबोर्डांत ही सोय असते, परंतु असेंबल केलेल्या अनेक संगणकांत ती बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डवरील मूळ प्रणालीत) बंद ठेवलेली आढळते. इंटेलच्या बोर्डांवर तिचे नाव पीटीटी, तर एएमडीच्या बोर्डांवर एफटीपीएम असते. केवळ हा पर्याय चालू करायचा राहिला म्हणून नवा संगणक विकत घेणे हा निव्वळ अपव्यय आहे.

बायोसला हात लावण्यापूर्वी आणखी एक खात्री करावी. अनेक लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग-इन केल्यावर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारी असते आणि मालकाला त्याची कल्पनाही नसते. अशा वेळी टीपीएम किंवा सिक्युअर बूट (सुरू होताना केवळ विश्वासार्ह प्रणाली चालू देणारी सोय) बदलताच संगणक बिटलॉकर या विंडोजच्या एन्क्रिप्शनची ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. ती की बहुधा त्याच खात्यात जतन असते. ती आधीच शोधून कागदावर उतरवून ठेवावी आणि एन्क्रिप्शनचे संरक्षण तात्पुरते स्थगित करावे.

लेगसीवरून युईएफआय: सर्वांत महागात पडणारी चूक

विंडोज ११साठी युईएफआय या नव्या पद्धतीचे बूट (संगणक सुरू होण्याची प्रक्रिया) लागते, हे वाचून अनेक जण थेट बायोसमध्ये जातात, लेगसी किंवा सीएसएम हा जुन्या पद्धतीने बूट होण्याचा पर्याय बंद करतात आणि संगणक पुन्हा सुरू करतात. पडद्यावर बूट डिव्हाइस सापडत नसल्याचा संदेश येतो. मग डिस्क खराब झाली असे समजून संगणक दुकानात नेला जातो आणि तेथे तो फॉरमॅट होऊन परत येतो. वास्तविक डिस्क आणि त्यावरील सर्व माहिती शाबूत असते. जुनी विंडोज एमबीआर या जुन्या पद्धतीने विभागलेल्या डिस्कवर बसवलेली असते, तर युईएफआयला बूट करण्यासाठी जीपीटी या नव्या पद्धतीने विभागलेली डिस्क हवी असते. एवढाच तो मेळ बिघडलेला असतो. बायोसमध्ये लेगसी पर्याय पुन्हा चालू केला, की बहुतेक वेळा संगणक पूर्ववत सुरू होतो. म्हणून असा संदेश दिसल्यास प्रथम केलेला बदल मागे घ्यावा. फॉरमॅटचा विचारही करू नये.

योग्य क्रम असा, की आधी डिस्कचे रूपांतर करावे आणि मगच बायोस बदलावे. डिस्क मॅनेजमेंटमध्ये डिस्कच्या प्रॉपर्टीजमधील व्हॉल्यूम्स या टॅबवर ती एमबीआर आहे की जीपीटी, हे दिसते. रूपांतरासाठी एमबीआर टू जीपीटी नावाचे साधन विंडोज १०मध्येच २०१७च्या १७०३ आवृत्तीपासून दिलेले आहे. आधी त्यातील व्हॅलिडेट हा पर्याय वापरावा, कारण तो डिस्कमध्ये काहीही न बदलता केवळ तपासणी करतो.

ही तपासणी आपल्याकडे वारंवार नापास होण्याचे एक ठरावीक कारण आहे. असेंबल केलेल्या संगणकांत एकाच हार्ड डिस्कचे सी, डी, ई, एफ असे भाग पाडून देण्याची पद्धत होती आणि त्यांतील मागचे भाग बहुधा एक्स्टेंडेड पार्टिशनमध्ये (अनेक भाग सामावणाऱ्या एका मोठ्या विभागात) असतात. हे साधन तीनपेक्षा अधिक प्रायमरी पार्टिशन किंवा कोणतेही एक्स्टेंडेड पार्टिशन स्वीकारत नाही. अशा वेळी त्या भागांतील माहिती बाहेरच्या डिस्कवर नेऊन ते भाग काढून टाकावे लागतात.

सीएसएम बंद केल्यावर पडदा पूर्ण काळा राहिला, तर जुने ग्राफिक्स कार्ड युईएफआयला साथ देत नसण्याची शक्यता असते. मदरबोर्डवर स्वतंत्र डिस्प्ले जोडणी असल्यास मॉनिटर तिथे लावून पाहावा. तसेच संगणक सुरू करताना घड्याळ दरवेळी मागे जात असेल, तर मदरबोर्डवरील सीआर२०३२ सेल आधी बदलावा. सेल संपलेला असताना वीजपुरवठा तुटला, की बायोस मूळ स्थितीत जाते आणि मेहनतीने केलेली सेटिंग पुसली जातात.

डी ड्राइव्ह म्हणजे बॅकअप नव्हे

डी ड्राइव्ह त्याच भौतिक डिस्कचा भाग असेल, तर डिस्क बिघडल्यावर किंवा पार्टिशन चुकीने पुसल्यावर सीसोबत डीदेखील जातो. कुटुंबाची छायाचित्रे आणि आर्थिक कागदपत्रे बाहेरच्या डिस्कवर घ्यावीत आणि चार-दोन फायली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात. मराठी वापरणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. युनिकोडपूर्व फॉन्टांत टाइप केलेले जुने लेख, पत्रिका किंवा संस्थांचे अहवाल असतील, तर ते फॉन्टही सोबत जतन करावेत. नव्याने विंडोज टाकल्यावर फॉन्ट नसले, की फाइल सुरक्षित असूनही मजकुराच्या जागी अर्थहीन अक्षरे दिसतात.

मध्येच थांबलेले अपग्रेड

त्रुटीच्या कोडमध्ये सी१९००१०१ असा क्रम असेल, तर संशय प्रथम ड्रायव्हरवर (उपकरणे चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) घ्यावा. प्रिंटर, डोंगल आणि अनावश्यक यूएसबी उपकरणे काढावीत, बाहेरचा अँटिव्हायरस काढून टाकावा आणि चिपसेट व डिस्कचे ड्रायव्हर अद्ययावत करून पुन्हा प्रयत्न करावा. कोडच्या शेवटी ८००७००७० असल्यास डिस्कवर जागा अपुरी आहे. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर टक्केवारीचा आकडा बराच वेळ एकाच जागी राहू शकतो. डिस्कचा दिवा लुकलुकत असेल, तर पॉवर बटण दाबू नये. डेस्कटॉपला यूपीएस नसेल आणि विजेचा भरवसा नसेल, तर ते काम त्या दिवशी हाती घेऊच नये. माझ्या मते फिरती हार्ड डिस्क असलेल्या संगणकात आधी एसएसडी बसवावी. अधिकृत किमान रॅम ४ जीबी असली, तरी रोजच्या वापरासाठी ८ जीबीपेक्षा कमी ठेवू नये.

अपग्रेडनंतर लगेच डिस्क साफ करण्याचा मोह टाळावा. विंडोज १०वर परतण्यासाठी साधारणपणे १० दिवस मिळतात आणि ती सोय विंडोज डॉट ओल्ड या फोल्डरवर अवलंबून असते. प्रिंटर, स्कॅनर आणि डिजिटल सहीचे टोकन चालत असल्याची खात्री होईपर्यंत तो फोल्डर पुसू नये.

प्रोसेसरच यादीबाहेरचा असेल, तर अटी चुकवून विंडोज ११ टाकण्याच्या युक्त्या आहेत, परंतु घरातील एकमेव संगणकावर त्या वापरू नयेत. मायक्रोसॉफ्ट अशा संगणकांना पुढील अद्ययावतींची हमी देत नाही आणि कोअर टू ड्युओसारख्या प्रोसेसरांवर विंडोज ११ची २४एच२ ही आवृत्ती सुरूच होत नाही. अशांसाठी विंडोज १०ला नियमित मुदतीनंतरही सुरक्षा-अद्ययावती देणाऱ्या विस्तारित सुरक्षा योजनेची १३ ऑक्टोबर २०२६ ही मुदत जाहीर झालेली आहे. पुढचा पर्याय म्हणून लिनक्स मिंट पेन ड्राइव्हवरून, डिस्कला हात न लावता चालवून पाहता येते. त्या चाचणीतच वायफाय, प्रिंटर आणि मराठी इनस्क्रिप्ट कळफलक तपासून घ्यावा.