बाळ दत्तक घ्यायला परदेशी येताय? मुक्कामाचं आधी बघा

दत्तक बाळ न्यायला इथे येणाऱ्या जोडप्यांचा पहिला फोन बहुतेक वेळा एकाच प्रश्नाने सुरू होतो, "ताई, हॉटेल कुठलं चांगलं?" मी उलट विचारते, बाळ आत्ता कुठे आहे? संस्थेत की एखाद्या कुटुंबात सांभाळायला ठेवलंय? आणि कोर्टाचं काम कुठल्या शहरात आहे? हे कळल्याशिवाय खोली शोधायला बसू नका.

मला या देशात येऊन बरीच वर्षं झाली आणि आमची लेकही इथलीच. ती तेव्हा आमच्या घरापासून दिवसभराच्या प्रवासावरच्या एका शहरात होती. आम्ही तिथे भर वस्तीतलं, दिसायला देखणं हॉटेल घेतलं. पहिल्याच रात्री तीन वाजता मी बाथरूमच्या बेसिनमध्ये दुधाची बाटली घासत होते, नवरा दुसरी बाटली नळाखाली धरून दूध निववत होता आणि लेक रडून रडून लाल झाली होती. तिसऱ्या दिवशी जागा बदलली. खोलीचा उजेड, वास, पलंगाची कड हे सगळं तिला जरा कुठे ओळखीचं झालं होतं, तेवढ्यात पुन्हा सगळं नवं. पुढचे दोन दिवस तिने मला खाली बसू दिलं नाही. म्हणून सांगते, जागा एकच घ्या, पहिल्या दिवसापासून घ्या, आणि स्वयंपाकघर असलेली घ्या.

स्वयंपाकघर तुमच्या जेवणासाठी नाही, बाळाच्या दुधासाठी हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेप्रमाणे पावडरचं दूध किमान 70 अंश सेल्सियस गरम पाण्यात कालवायचं आणि मग निववून पाजायचं. बाहेर राहिलेलं तयार दूध दोन तासांनंतर टाकून द्यायचं. बाटल्या उकळायला शेगडी आणि मोठं पातेलं लागतं, शिवाय फ्रिज लागतो. खोलीतल्या एका केटलवर हे भागत नाही. कपडे धुवायचं मशीन घरातच असलं तर फार सोय होते, कारण लहान बाळाचे कपडे किती लागतात याचा अंदाज पहिल्या बाळाच्या आईबापांना नसतो.

पाळणा मिळेल असं मालक म्हणाला तर फोटो मागवा. गादी घट्ट आणि सपाट हवी, गज इतके जवळ हवेत की बाळाचं डोकं अडकणार नाही. उशी, मऊ खेळणी, जाड पांघरूण आत नको, आणि झोपवायचं उताणं. थकलेल्या आईबापांना बाळाला आपल्याच पलंगावर घ्यायचा मोह होतो. पाळणा आपल्या पलंगाला लागून ठेवा, हात पोचेल एवढा.

आता परतीच्या तारखेचं. इथे बहुतेकांचा हिशेब चुकतो. दोन्ही देश 1993 च्या हेग करारातले (एका देशातलं मूल दुसऱ्या देशात दत्तक देण्याबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार) असतील तर दोन्ही देशांच्या यंत्रणांनी होकार दिल्यावरच मूल तुमच्याकडे सोपवायचं ठरतं. काही देशांत दोन फेऱ्या होतात, आधी भेटीची, मग कोर्टाची. काही ठिकाणी निकालाआधी बाळासोबत काही आठवडे राहावं लागतं आणि मधूनमधून समाजसेविका येऊन बघून जाते. निकाल लागला की अपिलाची मुदत, मग जन्माचा नवा दाखला, पासपोर्ट, व्हिसासाठी वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरांकडची तपासणी. यातलं एखादं काम सुट्टीत अडकलं की आठवडा गेला. त्यामुळे आठवड्या-आठवड्याने वाढवता येईल अशीच जागा ठरवा, आणि वाढवायची सोय तोंडी न ठेवता लिहून घ्या. विमानाचं तिकीटही बदलता येणारं असू द्या. दत्तकविधान हेग कराराला धरून झालं असं सांगणारं, त्याच्या कलम 23 प्रमाणे मिळणारं प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय सामान बांधू नका.

पत्त्याचंही तसंच. पुष्कळ देशांत परक्या नागरिकाचा मुक्काम पोलिसांत नोंदवावा लागतो आणि ते काम घरमालकाने करायचं असतं. तो तयार आहे ना, हे पैसे भरण्याआधी विचारा. समाजसेविका येणार ती याच पत्त्यावर.

"आम्ही आधीच येऊन बाळाच्या जवळ राहू, जाऊन भेटत राहू," असं काही जण म्हणतात. ही ओढ मला कळते, पण तसं करू नका. ठरलेल्या अटी पुऱ्या होण्याआधी बाळाच्या जन्मदात्यांशी किंवा सांभाळणाऱ्यांशी परस्पर संपर्क ठेवायला हेग करारात मनाई आहे, आणि तुमच्या घाईने तुमचीच फाइल अडकू शकते.

संस्थेचं स्वतःचं अतिथीगृह असेल तर मला ते आवडतं. तिथल्या माणसांना कागद कुठे नेऊन द्यायचा ते तोंडपाठ असतं, आणि बाजूच्या खोलीत तुमच्यासारखंच एक जोडपं जागं असतं. फक्त खर्चाचं बिल कलमवार मागा.

ओळखीच्यांकडे उतरू नका, असं मी स्पष्टच सांगते. माझ्याकडेही नको. घरात चार माणसं असली की प्रत्येकाला बाळ घ्यावंसं वाटतं, आणि त्या बाळाला या दिवसांत दोनच माणसांचे हात ओळखीचे व्हायला हवेत. भूक, आंघोळ, झोप, सगळं तुम्ही दोघांनीच करा. आम्ही दारात डबा ठेवून जाऊ, औषधं आणून देऊ, दुभाषी म्हणून येऊ.

जागा डॉक्टरांच्या जवळ हवी, बाजाराच्या नाही. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 38 अंश किंवा त्याहून जास्त ताप आला तर सकाळची वाट बघायची नसते, तेव्हा रात्री कुठे जायचं ते पहिल्याच दिवशी पायी जाऊन बघून या.

आणि एक. बाळ सोपवताना सांभाळणाऱ्या बाईकडून बाळाचं रोजचं दुपटं मागून घ्या, आणि ते धुऊ नका. आमच्या लेकीचं दुपटं मी स्वच्छतेच्या नादात पहिल्याच संध्याकाळी धुवायला टाकलं. दुसऱ्या दिवशी त्या बाईंनी वापरलेलं दुसरं पाठवलं, तेव्हा कुठे ती त्यात नाक खुपसून चाळीस मिनिटं शांत झोपली. दिवे मालवू नका म्हणाल्या होत्या त्या, आणि आवाजही चालू ठेवा. दहा पाळणे एका खोलीत असलेल्या बाळाला शांततेचीच भीती वाटते.